थांब्या

मफलरची दोन्ही टोकं बरणीच्या गळ्याशी आणून सासूबाईंनी गाठ मारली, ती दोनदा ओढून पाहिली आणि मगच हात काढला.

"गारठला होता," त्या म्हणाल्या. "सकाळपासून कुरकुरतोय. खिडकीखाली ठेवतं का कुणी?"

सून दारात चपला काढत होती, ती तशीच एका पायावर उभी राहिली. मफलर टिल्लूचा होता, करडा, एका टोकाला ग्रीसचा डाग पडलेला. आणि बरणी खिडकीखाली तिनेच सरकवली होती, सकाळी ओटा पुसताना. बरणीच्या तोंडावर रबरबँड लावून पांढरं फडकं ताणून बसवलेलं होतं. एरवी ते आतल्या वायूने हळूहळू फुगायचं, मग कुठेतरी बुडबुडा फुटायचा आणि ते बसायचं, की पुन्हा फुगायचं. आज ते सपाट पडलं होतं. गारव्यात याची वाढ मंदावते हे कळायला प्रयोगशाळेत तिचा एक अख्खा हिवाळा गेला होता. सासूबाईंना कुणी सांगितलं, देव जाणे.

"तुम्ही जेवलात?" तिने विचारलं.

"तो जेवला की जेवते."

वाटीत साखरेचं पाणी कालवलेलं होतंच. सासूबाईंनी फडक्याची एक कड उचलून ते धारेने आत सोडलं, कड नीट बसवली आणि खुर्ची ओढून बरणीसमोर बसल्या. दोघी वाट पाहू लागल्या. बऱ्याच वेळाने फडक्याच्या मधोमध एक उंचवटा आला. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली आणि स्वतःचं ताट पुढे ओढलं.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा म्हणायचा, दोघींचं डोकं फिरलं होतं. तसं थोडं फिरलंही असेल. टिल्लू हा सासूबाईंचा एकुलता एक. लहानपणी मूठभर होता म्हणून टिल्लू. पुढे दारातून वाकून यावं लागे इतका वाढला तरी नाव तेच चिकटलं. नवरा लवकर गेल्यावर बाईंनी शाळांचे गणवेश शिवून त्याला वाढवलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी कामावर असताना छातीत कळ आली, जिन्यात टेकला तो उठलाच नाही.

तेव्हापासून सासूबाईंचं जेवण सुटलं. दोन घास घ्यायच्या आणि ताट सरकवायच्या. "भूक मेली गं," एवढंच म्हणायच्या, रडणं नाही की काही नाही. खांद्यांची हाडं कपड्यांतून दिसू लागली. डॉक्टरांनी ताकदीच्या बाटल्या लिहून दिल्या आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर फार दिवस नाहीत. सून स्वतः तरी कुठे धड जेवत होती? डबा भरून न्यायची आणि येताना कोपऱ्यावरच्या कचरापेटीत रिकामा करायची. पण तिची गोष्ट वेगळी, असं तिला वाटे. तिला काम होतं.

एक दिवस ताट पुन्हा भरलेलं परत आलं तेव्हा तिचा तोल सुटला.

"आई, तुम्हीही गेलात तर मी कुणाकडे बघायचं? त्याचं जे थोडंसं उरलंय ते मी जगवतेय ना तिकडे. तुम्ही निदान स्वतःला तरी जगवा."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"त्याचं काय उरलंय?" सासूबाईंनी विचारलं.

मग सांगणं भाग पडलं. ती यीस्टवर काम करायची, पाव फुगवतं ते यीस्ट. तिच्या प्रयोगशाळेत रीतच होती, माणसाचं रक्त लागलं की परक्यापुढे हात पसरायचे नाहीत, घरचं माणूस धरून आणायचं. टिल्लू हसत हसत आला होता. "लग्नानंतर बायको रक्त पिते असं ऐकून होतो," तो म्हणाला होता, "तू तर नळीत भरून नेतेस."

"प्रत्येक पेशीत प्रथिनं ओवली जातात, आई," तिने समजावलं. "एकेक मणी जोडत, माळेसारखी. माळ कुठे संपवायची ते सांगायला एक वेगळं प्रथिन असतं. ते येतं, माळ मोकळी करतं, काम संपतं. आम्ही त्याला थांब्या म्हणतो. यीस्टचा थांब्या काढून घेतला की ते मरतं. मी त्याच्या जागी टिल्लूचा दिला. ते जगलं."

सासूबाईंनी बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सुईने ती कायमची खडबडीत झाली होती.

"म्हणजे गाठ मारणारा," त्या म्हणाल्या. "शेवटची गाठ नाही मारली तर अख्खी शिवण उसवते."

"तेच."

"आणि त्याची गाठ यीस्टला चालली?"

"बाकी सगळं बदललं, आई. कुणाला पंख आले, कुणाला मुळं फुटली, आपण दोन पायांवर चालायला लागलो. पण हा एवढा एक, कोट्यवधी वर्षांत फारसा बदललाच नाही."

"गाठ कोण कशाला बदलेल," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, अगदी घरातल्या घरात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्याला खायला काय घालतेस?"

तिथेच तिने नाही म्हणायला हवं होतं. असली बदललेली जिवंत गोष्ट प्रयोगशाळेबाहेर नेऊ नये, हा नियम नव्या मुलांना ती स्वतः दटावून सांगायची. पण दुसऱ्या दिवशी तो धाब्यावर बसवून तिने थोडं यीस्ट थर्मासात घातलं आणि घरी आणलं. सासूबाईंनी धुऊन, उकळून ठेवलेली बरणी पुढे केली. साखरपाणी घातलं. फडकं फुगलं. त्या संध्याकाळी सासूबाई पोटभर जेवल्या आणि समोर बसून सूनही जेवली. दुसऱ्यांदा भात वाढायला त्यांनी पळी उचलली तेव्हा दोघींचीही नजर एकाच रिकाम्या खुर्चीकडे गेली. टिल्लूला तोंडाने पुरे म्हणायची सवय नव्हती. तो ताटावर पंजा आडवा धरायचा, अंगठा आत दुमडून. लहानपणी आईच्या इस्त्रीला भाजला होता तो अंगठा, तेव्हापासून लपवायचा. पंजा आडवा आला की सासूबाई पळी मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं बाबा, राहिलं." लग्न झाल्यापासून रोज रात्री तिने हे पाहिलं होतं.

तर अशी ती बरणी घरात आली आणि घरचीच होऊन बसली.

पहिले काही दिवस बरे गेले. सासूबाईंच्या गालांवर मांस आलं. मग त्या बरणीशी बोलू लागल्या. त्यालाही सुनेची हरकत नव्हती, माणसं कुंडीतल्या रोपाशी बोलतात. पण त्या बोलून थांबायच्या, कान द्यायच्या, आणि मग उत्तर मिळाल्यासारखं पुढे बोलायच्या. त्यांच्या थांबण्याच्या मधोमध फडक्याखाली बुडबुडा फुटायचा. कधी एक, कधी लागोपाठ दोन. त्याला अंधारात ठेवलेलं नको म्हणतो, असं एकदा म्हणाल्या आणि कपाटातली बरणी ओट्यावर आली. भांडी आपटू नको, त्याला त्रास होतो, असंही एकदा. घरभर आंबूस वास पसरला होता, ताज्या पावाचा असतो तसा, आणि त्याखाली आणखी एक, कामावरून आलेल्या माणसाच्या मानेला असतो तो. सून स्वतःला सांगायची, यीस्टला हाच वास येतो. प्रयोगशाळेत तर शंभर चंबू भरून हाच वास होता. पण घरी ती तोंड दुसरीकडे करून पाणी प्यायची, तिथे कधी तसं केलं नव्हतं. ती बरणीशी कधी चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर आपणही थांबून कान देऊ, याची तिला भीती होती.

मफलर बांधला त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत सरांनी तिला बोलावलं. शोधनिबंध छापायला पाठवायचा होता आणि त्याआधी प्रत्येक नळीतलं जनुक अक्षर न् अक्षर वाचून हवं होतं. आजवर तिने नुसतं प्रथिन वाचलं होतं. जनुक, म्हणजे ज्यावरून ते प्रथिन बनतं तो मूळ मजकूर, वाचायची गरज पडली नव्हती. तिने नमुने यंत्रावर दिले आणि दुपारी पडद्यासमोर बसली.

टिल्लूच्या नळीतलं प्रथिन बिनचूक होतं. जनुक मात्र माणसाचं नव्हतं. ते सशाचं होतं.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शिवण तीच असते आणि दोऱ्याचा रंग वेगळा असतो, तसलाच प्रकार. एकच प्रथिन वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येतं, आणि ससा ते सशाच्या अक्षरांनी लिहितो. मग तिला आठवलं. टिल्लू गेल्यानंतरच्या त्या दिवसांत मोठा फ्रीझर बंद पडला होता, बर्फ वितळून नळ्यांवरची शाई फिसकटली होती. तुलनेसाठी सशाचा थांब्या दिलेल्या यीस्टची नळी आणि टिल्लूची नळी शेजारी शेजारी. तिने त्यातली एक उचलली, तिच्यातलं प्रथिन वाचून घेतलं, ते माणसाच्या प्रथिनाशी तंतोतंत जुळलं तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि दुसरी नळी तिने वाफेच्या भांड्यात टाकून निकामी केली. माणसाचा आणि सशाचा थांब्या एकच असतो, एका मण्याचाही फरक नसतो, हे तिने स्वतःच्या निबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, पण त्या दिवसांत ते डोक्यातच आलं नाही. दुसरं कुणी असतं तर दोन्ही नळ्या फेकून मोकळं झालं असतं. तिला ओळखायची युक्ती ठाऊक होती, म्हणून ती फसली.

टिल्लूला तिने स्वतःच्या हाताने उकळलं होतं. सर येऊन काहीतरी विचारून गेले, तिने मान हलवली.

घरी येताना जिन्यात तिने ठरवलं, आजच सांगायचं. खोट्यावर माणूस जगवायचं नसतं. दार उघडलं तर सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"बस," त्या न वळताच म्हणाल्या. "घुबड दमून आलंय, आधी चहा दे, म्हणतो."

तिच्या हातातली पिशवी खाली गेली.

घुबड हे तिचं नाव होतं. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून ती बाहेर आली की ते गोल व्हायचे, म्हणून टिल्लूने ठेवलेलं. दोघंच असताना, आणि तेही कानाशी. चारचौघांत सोडाच, फोनवरही त्याने ते कधी उच्चारलं नव्हतं.

बरणीचं फडकं फुगलं, क्षणभर तसंच राहिलं आणि बसलं.

त्या दिवशी तिने काही सांगितलं नाही. बरणीकडे पाठ करून चहा प्यायली. त्यानंतर ती स्वयंपाकघरात एकटी जाईनाशी झाली. सासूबाई न्हाणीघरात असल्या तर ही बाहेरच्या खोलीत तहानलेली बसून राही. सशाचं आहे, ती मनात म्हणे, सशाचं आहे ते, तुला माहीत आहे. आणि स्वयंपाकघरातून बुडबुडा फुटल्याचा आवाज येई. सगळ्यात वाईट हे, की त्या आवाजाची ती वाट पाहू लागली होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बरणी उतू गेली. फेस फडक्यातून वर आला, मफलरवरून ओघळला आणि ओट्यावर पसरला. सासूबाईंनी शांतपणे मफलर सोडला, पिळला, वाळत टाकला. हात पुसत त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि सुनेसमोर बसल्या.

"आता पुरे म्हणतो," त्या म्हणाल्या. "हे निजवतात कसं तुमच्यात?"

सून रडू लागली. टिल्लू गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"आई, ते टिल्लूचं नाहीच. माझी चूक झाली. नळ्या बदलल्या. ते सशाचं आहे."

"सशाचं?"

"सशाचं आणि त्याचं हुबेहूब सारखं असतं, म्हणून मला कळलं नाही. त्याचं मी उकळून टाकलं. माझ्याच हाताने."

सासूबाईंनी पदार्थाची चव घ्यावी तसं ते थोडा वेळ तोंडात घोळवलं.

"सशाचं आणि त्याचं सारखं. मग तुझं?"

"माझंही तेच."

"आणि माझं?"

"तुमचंही."

"मग एवढा आटापिटा कशाला केलास? माझंच घ्यायचंस की, मी बसल्या जागी दिलं असतं."

सुनेला रडता रडता हसू आलं. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"हे बघ. मी त्याची आई आहे. बरणीत माझा मुलगा नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बरणीत कुणाचा मुलगा असतो का?"

"मग हे सगळं, त्याला गार लागतं, त्याला अंधार नको..."

"फडकं फुगत नव्हतं, म्हणून म्हटलं गार लागलं. कपाटात ठेवली की तू त्या कपाटाकडे पाठ करून बसायचीस, म्हणून म्हटलं अंधार नको. सगळं मी रचलं. तू डबा कचऱ्यात ओतायचीस ना? खालच्या दुकानदाराने सांगितलं मला. माझी भूक मेली होती हे खरं. पण म्हातारीची भूक मेली तर काय बिघडतं? तुझं बघवेना. बरणी आणलीस त्या दिवशी तू माझ्यासमोर ताट चाटूनपुसून खाल्लंस. म्हटलं, हे चालतंय तर चालू दे. मी धरून ठेवलं."

इतके दिवस आपण या बाईला जगवतोय असं तिला वाटत होतं. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त असं काहीतरी वाटलं, की उठून त्यांच्या कुशीत शिरावं. ती उठणारच होती, तेवढ्यात तिला ते आठवलं.

"आणि घुबड?"

"काय घुबड?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात. घुबड दमून आलंय."

सासूबाईंनी तिचा हात सोडला नाही, पण त्यांची बोटं थांबली.

"ते मी नाही रचलं," त्या म्हणाल्या. "ते ऐकू आलं. मला वाटलं, मी नसताना तूच त्याला शिकवलं असशील. पोपटाला शिकवतात तसं."

दोघींनी दारातून ओट्याकडे पाहिलं. फेस ओसरलेल्या बरणीवर ओलं फडकं खाली खोलगट पडलं होतं. ते हलत नव्हतं.

सून उठली. तिने मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि ते खळखळेपर्यंत तिथेच उभी राहिली, एकटी नव्हती, सासूबाई पाठीशी उभ्या होत्या. फडकं काढलं. आत पांढुरकं, दाट, साधंसुधं यीस्ट होतं. तिने पातेलं बरणीवर तिरकं केलं. वाफ आली, वास आला, आधी पावाचा, मग दुसरा, आणि मग कसलाच नाही. पृष्ठभागावर एक शेवटचा बुडबुडा वर आला, टम्म झाला, आणि बराच वेळ फुटेना. सासूबाईंनी बोटाने हळूच तो फोडला.

"झालं," त्या म्हणाल्या.

बरणी घासून उपडी ठेवली. खिडक्या उघडल्या. संध्याकाळी सासूबाईंनी साधा भात आणि पालेभाजी केली आणि दोघी जेवायला बसल्या. ओटा आता फार मोठा दिसत होता. सून सावकाश, नीट चावून जेवत होती. उद्यापासून डबा खायचा, तिने मनाशी म्हटलं.

सासूबाईंनी पळीत भात घेतला आणि तिच्या ताटाकडे हात नेला.

तिने मान वर केली नाही. तिचा पंजा आपोआप ताटावर आडवा आला, अंगठा आत दुमडलेला. तिचा अंगठा कधी भाजला नव्हता. आजवर तिने असा हात कधी धरला नव्हता.

पळी हवेत थांबली. मग सासूबाईंनी ती सावकाश मागे घेतली, भात पातेल्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

"बरं बाबा," त्या म्हणाल्या, "राहिलं."